पाण्याचं तोंड

माझ्या मामाच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण खाडीत कधी उतरायचं ते तो बोटांच्या पेरांवर काढायचा. आज तिथी कोणती, तिची पाऊणपट किती. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती पूर्ण, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. तिथून साधारण सव्वासहा तासांनी सुकती. खाडीत जितकं आत जाल तितकं थोडं उशिरा धरायचं. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो. मला तो शाळेत अपूर्णांक नीट कळायच्या आधी आला.

मामा वाशीगावातला. होडी लहान, जाळी दोन-तीन, आणि समोर ठाण्याची खाडी. होडीत बसलं की वाशीच्या पुलाचे खांब दिसायचे. मामा घाईत नसला तर त्या खांबांकडे हनुवटी उडवून विचारायचा, "सांग बाय, पान्याचं तोंड कुठं हाय?" मी नेहमी उलटं सांगायचे. पाणी जिकडे धावतंय तिकडे बोट करायचे. मामाच्या लेखी ते पाण्याचं शेपूट. तोंड म्हणजे पाणी जिथून येतं ती बाजू. खांबाच्या ज्या अंगाला पाणी फुगून वर चढतं ते तोंड, आणि ज्या अंगाला भोवरे सुटतात, काटक्या आणि थर्माकोलचे तुकडे गोल गोल फिरत राहतात ते शेपूट. भरतीला तोंड मुंबईच्या बंदराकडे, ओहोटीला ठाण्याकडे. एकदा डोळ्याला ही खूण बसली की ती जात नाही. अजूनही हार्बरच्या गाडीने पूल ओलांडताना फोनमधून मान वर काढून मी आधी खांबांकडे बघते.

मामाचं मोठं जाळं म्हणजे डोल. शंकूसारखं लांबलचक. तोंडाशी रुंद, तिथले आस, म्हणजे जाळ्याची भोकं, मोठे, आणि शेपटाकडे निमुळतं होत गेलेलं, तिथले आस इतके बारीक की जवळाही सुटू नये. डोल माशाच्या मागे जात नाही. ती खुंटांना बांधून पाण्यात सोडायची, तिचं तोंड पाण्याच्या तोंडाला करायचं आणि थांबायचं. बाकी सगळं पाणी करतं. पाणीच जाळं फुगवतं, पाणीच मासळी आणतं, आणि पाणी फिरायच्या आत जाळं उचललं नाही तर तेच पाणी सगळं उलटं करून ठेवतं. म्हणून डोलवाल्याला उधाण हवं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या सुमाराला भांग लागला, म्हणजे ती ओढ मंदावली, की मामा घरी जाळी विणत बसायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "पानीच नाय." समोर खाडी भरलेली असायची आणि हा म्हणायचा पाणी नाही. त्याच्या बोलण्यात पाणी म्हणजे चालतं पाणी. थांबलेलं पाणी मोजायचंच नसे.

हे सगळं मी इतकी वर्षं मागे ठेवलं होतं. आम्ही ऐरोलीच्या सेक्टरमध्ये राहायला आलो, मी ठाण्यात नोकरीला लागले, मामाच्या होडीची फळकुटं झाली. खाडीत गाळ वाढत गेला, कारखान्यांचं सांडपाणी आलं, मासळी कमी होत गेली. गावात कोणी आजारी असलं किंवा जत्रा असली की जायचं, एवढाच संबंध राहिला. पोहायला मी तरणतलावात शिकले, निळ्या टाइल्सच्या, थांबलेल्या पाण्यात. डायव्हिंग अंदमानात शिकले, तेही चाळिशीला टेकल्यावर. आधी १८ मीटरपर्यंतचा कोर्स, मग पुढच्या वर्षी ३० मीटरचा. तिथल्या सरांनी चांगलं शिकवलं. पण आम्ही उतरायचो ती ठिकाणं शांत होती. पाणी काचेसारखं, प्रवाळ आपल्या जागी, आपण आपल्या जागी.

मालदीवला गेले तेव्हा माघी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. उधाण चांगलंच चढलेलं असणार हे मला विमानात बसताना कळायला हवं होतं. मी तिथी बघितलीच नव्हती.

नकाशावर मालदीव बघितलंत तर कोणीतरी उभी माळ ठेवल्यासारखं दिसतं. ७ अंश उत्तरेपासून विषुववृत्ताच्या जरा खालीपर्यंत २६ अटोल, त्यांत मिळून सुमारे १,१९० बेटं. अटोल म्हणजे प्रवाळाचं कडं, मध्ये उथळ पाणी, बाहेर खोल समुद्र. हा शब्द जगाला मालदीवच्या दिवेही भाषेनेच दिला. या कड्याला जागोजाग खिंडी आहेत. त्यांना तिथे कांडू म्हणतात. आपल्याकडे पावसाळा आणणारे नैर्ऋत्य मोसमी वारे मे महिन्यापासून समुद्राला एका दिशेने ढकलतात, हिवाळ्यात ईशान्येचे वारे उलट्या दिशेने. या उभ्या माळेला आडवं येणारं एवढं सगळं पाणी त्या खिंडींतूनच आरपार जाणार. शिवाय भरती-ओहोटी. मालदीवची भरती उंचीने जेमतेम एखादा मीटर, आपल्याकडे उधाणाला चार-साडेचार मीटर पाणी चढतं. पण तिथलं पाणी अरुंद खिंडीत कोंडतं, म्हणून धावतं. फेब्रुवारीत ओढा पूर्वेकडून पश्चिमेला असतो. पूर्वेच्या खिंडींतून समुद्राचं स्वच्छ पाणी आत शिरतं, आतलं गढूळ पाणी पश्चिमेने बाहेर पडतं. म्हणून त्या दिवसांत डायव्हर पूर्वेकडे जातात, मुशी बघायला. मुशी म्हणजे शार्क. आमच्या घरात शार्क हा शब्द कोणी वापरत नाही.

मी राहिले होते वावू अटोलमधल्या एका छोट्या बेटावर. बंदरात ज्या लाकडी होड्या उभ्या होत्या त्यांना ते लोक धोनी म्हणतात. आपली डोणीच ती. पहिल्या संध्याकाळी तिथल्या एका आजींनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "फेन." मासा म्हणजे मस. दिवस म्हणजे दुवस. पाण्याच्या 'प'चा तिथे 'फ' झाला, एवढाच काय तो फरक. लिपी मात्र उजवीकडून डावीकडे जाते, आणि तिचं नाव थाना. ठाण्याहून आलेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल ते काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली डाइव्ह. ड्रिफ्ट डायव्हिंगमध्ये होडी नांगर टाकत नाही. डायव्हर पाण्याबरोबर जातात आणि होडी त्यांच्या बुडबुड्यांच्या मागे. गाइडने चष्मा लावून आधी स्वतः उडी मारली, दोन मिनिटं पाण्यात डोकं घालून पाहिलं, वर येऊन बोटांनी सांगितलं: आत, जोरात. मग सूचना. तरंगायच्या जॅकेटमधली हवा होडीवरच पूर्ण काढून टाका. तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम मागे पडायचं आणि वर न रेंगाळता सरळ खाली जायचं. वर रेंगाळलात तर खिंडीचं तोंड गाठायच्या आधीच आत वाहून जाल. खाली सुमारे ३० मीटरवर खिंडीचा उंबरा आहे. तिथे हुक लावायचा, मेलेल्या खडकालाच लावायचा, जिवंत प्रवाळाला नाही, आणि दोरीवर लटकून बघत राहायचं.

मी रेंगाळले. फार नाही, चष्म्यात पाणी शिरलं म्हणून दहा-पंधरा सेकंद. उंबऱ्यावर पोचले तेव्हा बाकीचे हुक लावून झाले होते आणि मी त्यांच्यावरून पुढे निघाले होते. गाइड माझ्यापासून जेमतेम पाच मीटर मागे. पाच मीटर म्हणजे दोन खोल्यांच्या घराची लांबी. मी वळले आणि पाय मारायला लागले.

पाय मारत राहिले. श्वास तोकडा पडायला लागला. ३० मीटरवर दाब चार पट, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही चार पट. टाकीतली हवा दाखवणारा काटा दीडशेवरून एकशेदहावर आला तेव्हा मला वाटलं मी निदान अर्धं अंतर कापलं असेल. वर बघितलं तर गाइड तेवढाच लांब. डोकं जड झालं होतं, जबडा दुखत होता, आणि तेव्हा पहिल्यांदा पोटात भीती उतरली. ती मोठी नव्हती. एक थंड, स्वच्छ जाणीव होती की मी हे करू शकत नाही आणि तरी थांबताही येत नाहीये.

नंतर वर आल्यावर हिशेब समजला. सगळा सरंजाम अंगावर असताना धडधाकट माणूस जेमतेम एक नॉट वेगाने, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर पोहू शकतो, तेही थोडाच वेळ. त्या दिवशी पाणी दोन-तीन नॉट असावं. आणि पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग तिप्पट झाला की रेटा नऊपट. हे गणित पायांनी सुटण्यातलं नव्हतं.

गाइडने स्वतःचा हुक सोडला, पाण्यावर घरंगळत माझ्यापर्यंत आला, जॅकेटचा पट्टा धरला आणि मला आडवं ओढत एका मोठ्या खडकाच्या मागे नेलं. एवढंच. खडकाच्या मागे पाणी नव्हतं. म्हणजे मामाच्या अर्थाने नव्हतं. माझे केस एका बाजूला ओढले जात होते ते थांबले, बुडबुडे सरळ वर जायला लागले, वाळूचे चार कण माझ्या पुढ्यात गोल गोल फिरत होते. मी पुलाच्या खांबामागे उभी होते.

त्या खडकाआड श्वास लागेपर्यंत तीन-चार मिनिटं गेली असतील. तेवढ्यात मला एक फार जुनी दुपार आठवली. मी सात-आठ वर्षांची. ओहोटीचा जोर होता आणि मामाला वर ठाण्याच्या अंगाला जायचं होतं. मी हट्टाने वल्हं मागून घेतलं. जीव खाऊन मारत होते आणि काठावरचं तिवराचं झाड जागचं हलत नव्हतं. मामाने मला थांबवलं नाही. मी रडायला आले तेव्हा त्याने होडी एका खुंटाला बांधली, डबा उघडला आणि म्हणाला, "पान्याशी भांडू नको, बाय. पानी दमत नाय. आपून दमतो." आम्ही जेवलो. पाणी फिरलं. मग त्याच पाण्याने आम्हाला वर नेलं, वल्हं फक्त दिशेपुरतं धरायचं होतं.

चाळीस वर्षांनी, भारतापासून समुद्रापार, एका खडकाच्या आडोशाला मला ते वाक्य पूर्ण कळलं. आणि दुसरंही एक कळलं. माझी चूक पाय कमी मारण्यात नव्हती. मी पाण्याच्या तोंडापासून उतरले नव्हते. प्रवाहात जे ठरवायचं ते वरच, होडीवर, उडी मारायच्या आधी ठरवावं लागतं. तोंडाच्या बाजूला दहा मीटर आधी उतरलेला माणूस काहीही न करता उंबऱ्यावर पोचतो. दहा मीटर नंतर उतरलेला कितीही केलं तरी पोचत नाही.

संध्याकाळी मी धोनीच्या कप्तानाजवळ बसले. साठीचा असेल, अनवाणी, सुकाणूचा दांडा पायाने धरून बसायची सवय. त्याला मी मोडक्या इंग्रजीत आणि हातांनी तिथीची पाऊणपट समजावली. त्याने सगळं मन लावून ऐकलं आणि मान हलवली. इथे ते चालत नाही. खरंच आहे, प्रत्येक बंदराची भरतीची वेळ निराळी, आमचा गुणाकार आमच्या किनाऱ्यापुरता. मग त्याने त्याचं गणित दाखवलं. खिंडीच्या बाहेर समुद्राचा रंग कुठे बदलतो, लाटा मध्येच उभ्या राहून जागच्या जागी का फुटतात, पक्षी कुठल्या बाजूला आहेत. आतून बाहेर जाणारं पाणी समोरून येणाऱ्या लाटेला भिडलं की ती उभी राहते. आत शिरणाऱ्या पाण्यावर लाटा चपट्या पडतात. तो बोट करून सांगत होता आणि मला दिसत होतं की हा माणूस तांडेल आहे. जगात कुठेही सोडा, हा आधी पाण्याचं तोंड शोधणार.

तिसऱ्या दिवशी मियारू कांडू. मियारू म्हणजे त्यांच्या भाषेत मुशीच, तेव्हा नावातच सगळं आलं. कप्तानाने होडी खिंडीच्या बरीच वर नेली, मला वाटलं त्यापेक्षा खूपच वर. मी चष्मा तीनदा तपासला. तीन म्हटल्याबरोबर मागे पडले आणि दगडासारखी खाली गेले. निळ्यातून भिंत वर आली, भिंतीची कड आली, उंबरा आला. मी हुक काढला, एका काळ्या, मेलेल्या खडकाच्या खाचेत अडकवला, जॅकेटमध्ये थोडी हवा भरली, आणि दीड मीटर दोरीच्या टोकाला पतंगासारखी उभी राहिले. हात मोकळे. काही करायचं नाही.

समोर मुशी होत्या. राखाडी, पोटाशी पांढऱ्या, दीड-दोन मीटरच्या. पहिल्यांदा आठ मोजल्या, मग वीस, मग मोजायचं सोडलं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, पाण्याच्या तोंडाकडे. शेपटी हलल्यासारखी वाटे आणि नाहीही. या जातीच्या मुशीला श्वासासाठी कल्ल्यांतून सतत पाणी जावं लागतं, म्हणून ती एरवी पोहतच असते. इथे पाणीच चालत तिच्याकडे येत होतं, तेव्हा तिला चालायचं कारण नव्हतं. त्यातही युक्ती आहे. बाहेरून आलेलं पाणी भिंतीला आपटून वर चढतं आणि त्या चढत्या पाण्यावर मुशी तरंगत राहतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या फाकारावाच्या खिंडीत शास्त्रज्ञांनी अशाच मुशींवर उपकरणं लावून हे तपासलं आहे: चढत्या पाण्याचा आधार घेऊन त्या ताकद वाचवतात. पारसिकच्या डोंगरावर दुपारी घारी पंख न हलवता लटकलेल्या असतात, तेच. अधूनमधून एखादी मुशी रांगेच्या पुढे सरकायची, जरा वेळ थांबायची, मग अंग सैल सोडून पाण्याबरोबर मागे यायची आणि रांगेच्या शेवटी पुन्हा तोंड वळवून उभी राहायची.

मुशी मी लहानपणापासून ओळखते, पण पाटीतली. आई तिचं कालवण छान करते. मालदीवने २०१० साली मुशीची मासेमारी पूर्ण बंद केली. तिथे एवढ्या मुशी उरल्या त्याला हेही कारण आहे, आणि डोल लावणाऱ्याच्या घरातली मी तिथे दोरीला लटकून ते मान्य करत होते. दोन्ही गोष्टी माझ्याच आहेत. एकीसाठी दुसरीला खोटं म्हणायची मला गरज वाटली नाही.

पण खरं सांगते, मुशींपेक्षा मी जास्त वेळ बघत राहिले ते हुकाच्या बाजूला उगवलेला एक समुद्रपंखा. हाही प्रवाळाचाच भाऊबंद. बुंध्यापासून फांद्या फुटत फुटत जाळी झालेली, उंची माझ्या कमरेएवढी, जाडी मात्र दोन-तीन बोटं. कोणी इस्त्री करून उभा केल्यासारखा सपाट. आणि तो बरोबर आडवा उभा होता, पाण्याला काटकोनात. समुद्रपंखे असेच वाढतात, पाणी ज्या अंगाने येतं त्याला छाती देऊन, म्हणजे जास्तीत जास्त पाणी जाळीतून गाळलं जावं. मी टॉर्च लावला. ३० मीटरवर लाल रंग पोचतच नाही, सगळं करडं-निळं दिसतं. उजेड पडल्याबरोबर तो पंखा शेंदरासारखा पेटला. प्रत्येक काडीवर तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं उघडलेली. फूल म्हणजे खरं तर प्राणी, प्रत्येकाला आठ पाकळ्या, पाकळ्यांना पिसासारख्या कडा. पाण्यातून येणारं काहीतरी, मला न दिसणारं, त्या पाकळ्या पकडत होत्या आणि एकेक करून आत मिटत होत्या. सगळा पंखा थरथरत होता, वीणेच्या तारेसारखा. एका फांदीवर लांब चोचीचा, लाल-पांढऱ्या चौकटींचा एक छोटा मासा पंख टेकून बसला होता. त्याचंही तोंड पाण्याकडे.

मी डोल बघत होते. रुंद तोंड, बारीक आस, पक्का खुंट. मामाने आणि त्याच्या बापाने आणि त्याच्या बापाने जे लावलं, ते इथे कोणी न शिकवता उगवलेलं होतं. पाण्यात एका जागी राहून पोट भरायचं तर रचना हीच, दुसरी नाही.

मनगटावरच्या कंप्युटरने मिनिटं संपत आल्याचं सांगितलं. गाइडने मुठी उघडल्याची खूण केली. मी दोरी आखडली, हुक सोडवला.

यानंतर जे होतं त्यासाठी लोक ड्रिफ्ट डायव्हिंग करतात. हुक सुटला त्या क्षणी पाणी थांबलं. कानावरचा घोंगाट गेला, चष्म्यावरचा दाब गेला. मी स्थिर, माझ्याभोवतीचं पाणी स्थिर, आणि खिंड मात्र दोन्ही बाजूंनी मागे धावायला लागली. ज्या पाण्याने काल माझा जीव काढला होता ते आता अंगाला लागतही नव्हतं, कारण मी त्याच्याच वेगाने चालले होते. खडक, कपारी, नारिंगी अँथियास माशांचे थवे, कपारीतून तोंड काढून बसलेला ईल, सगळे येत आणि जात. थांबून काही बघायचं म्हटलं तर थांबता येत नाही. जे दिसलं ते दिसलं. एक ठिपकेदार पाकट समोरून, प्रवाहाच्या विरुद्ध, पंखांच्या संथ हालचालीने वर जात होती. मला पाच मीटरही जमले नव्हते आणि ती जणू अंगणात फिरायला निघाली होती.

खिंड ओलांडून आत आलो तसा तळ वर आला आणि वेग मंदावला. उथळ भागातलं प्रवाळ मात्र बघवत नव्हतं. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा मालदीवच्या उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ पांढरं पडून मेलं. सावरत होतं तोवर २०१६ साली पुन्हा तेच. मोडलेल्या फांद्यांचा खच, त्यावर शेवाळ, मध्येच एखादी जिवंत फांदी, टोकाला निळसर जांभळी. तिकडे उंबऱ्यावर इतकं भरलेलं जग आणि आत शंभर-दोनशे मीटरवर हे. मी त्या खचावरून तरंगत गेले तेव्हा मला आमच्या खाडीचा गाळ दिसत होता, ओहोटीला उघडा पडणारा, प्लॅस्टिकने भरलेला. वाईट वाटण्याची जागा पोटात एकच असते.

शेवटी पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, रक्तातला नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून. गाइडने नारिंगी फुगा दोरीला बांधून वर सोडला. खाली तळ नाही, बाजूला भिंत नाही, सगळीकडे निळं. वर खाली कळायला फक्त मनगटावरचा आकडा आणि स्वतःचे बुडबुडे. आम्ही नक्कीच वाहत होतो, पण कळायला खूण नव्हती. तीन मिनिटांनी वर आले, डोकं बाहेर काढलं आणि धोनी वीस मीटरवर उभी होती. कप्तानाने आम्ही कुठे निघू ते आधीच धरलं होतं.

परतीच्या विमानात मी खिडकीशी होते. खाली एकेक कडं मागे पडत होतं आणि मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. ती मी पूर्वी वाचली होती, पण तिथे जाऊन आल्यावर तिचं वजन वाटलं. या सगळ्या प्रवाळाखाली खोलवर ज्वालामुखीचा खडक आहे. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण ठिकाणाने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनचा काळा कातळ ओतला, तेच ठिकाण आज रीयुनियन बेटाखाली आहे. भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे त्या चुलीने लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी एक रांग उठवली. खडक खचत गेले, प्रवाळ वर वाढत राहिलं. म्हणजे येऊरचा डोंगर, पारसिकचा बोगदा ज्यातून खोदला तो दगड, आणि मी हुक लावला त्याच्या खाली दूरवर असलेला तळ, हे एकाच चुलीतले. जमीनसुद्धा वाहतच आली आहे, वर्षाला काही सेंटिमीटर, आणि तिच्यावर बसून आपल्याला ती स्थिर वाटते.

आल्यानंतरच्या रविवारी वाशीगावात गेले. मामा आता ऐंशीच्या घरात आहे. गुडघे गेलेत, पण सकाळी धक्क्यावर जाऊन बसतोच. मी त्याच्या शेजारी बसले. समोर ओहोटी लागली होती, चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, पलीकडे मुंबईच्या अंगाला रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. मोबाइलवरचे फोटो त्याला नीट दिसले नाहीत. मुशी दाखवल्या तर म्हणाला, "मोरी हाय." मोरी म्हणजे मुशीच. एवढंच.

मग मी काडी घेतली आणि धक्क्यावरच्या धुळीत खिंड काढली. हे बाहेरचं पाणी, खोल. हे कडं. ही खिंड, इतकी रुंद. तळ इथे उथळ, इथून एकदम खाली जातो. पाणी बाहेरून आत. तो वाकून बघत राहिला. बराच वेळ काही बोलला नाही. मी विचारलं, "मामा, तुला इथे डोल लावायची असती तर खुंट कुठे ठोकला असतास?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग धुळीकडे. पाण्याचं तोंड कुठलं ते मी सांगितलंच होतं, तरी त्याने आधी तिथे तळवा ठेवला, जणू ओढ किती आहे ते बघत होता. मग तळवा हळूहळू आत सरकवत आणला. खिंडीच्या मध्यावर थांबला नाही. कडेला आला. भिंत जिथे वळते त्या कोपऱ्यावर, उंबऱ्याच्या थोडं बाहेर, त्याने अंगठा टेकवला आणि दाबला.

"तिथेच होत्या मुशी," मी म्हणाले.

"आसतीलच," मामा म्हणाला. "पानी तयाच वलतं."